चंद्री व्याली तो दिवस

अंगदरावांनी बाजेवरचा फोन उचलला, पाहिला आणि पालथा ठेवला. मग पुन्हा उचलून हौदाकडे निघाले. शेतातल्या आखाड्यावर रेंज बरी मिळायची ती हौदापाशीच.

"आवो, बसा की घडीभर," चुलीपुढून रतनबाई म्हणाल्या. "सकाळपासून नुस्ते फिरायलेत."

"रेंज बघतोय."

"रेंज हाय. फोन न्हाई."

अंगदराव फोन उंच धरून हौदाला फेरी मारून आले. दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेला हा माणूस. तेलगावातल्या त्यांच्या घरापुढं कधी चपलांना जागा पुरायची नाही. मागची निवडणूक हरले आणि चपला दिवसादिवसानं कमी होत गेल्या. उन्हाळा लागला तशा रतनबाईच म्हणाल्या, शेतात जाऊन राहू, झाडाखाली गारवा तरी असतो.

रतनबाईंना इथं करमलं. कडब्याच्या गंजीखाली मुंगसानं बिऱ्हाड केलं होतं. त्याची पिलं सकाळी एकामागं एक बाहेर यायची, तेव्हा त्या भाकरी थापायच्या थांबायच्या. होल्यांसाठी त्यांनी फुटक्या माठाचं खापर पाणी भरून बांधावर ठेवलं होतं. दुपारी एक मोर हौदावर यायचा.

"आवो, आला बघा."

अंगदरावांनी फोनवरून मान वर केली, तोवर मोर बांधाआड गेलेला असायचा.

नवीन उमेदवाराचं नाव ठरून आठ-दहा दिवस झाले होते. अंगदरावांना तिकिटाची आशा नव्हती. पण निदान पक्षाचे साहेब विचारतील, बैठकीला बोलावतील, सल्ला घेतील, असं त्यांना वाटत होतं. पोरगं असल्यापासून ज्याला जीपमध्ये बसवून फिरवलं, तो भागवतच आता सगळं बघत होता. त्याचाही फोन नव्हता.

उन्हं कलायला लागली तशी गाभण म्हैस चंद्री उठबस करू लागली. सकाळी टाकलेली वैरण तशीच पडली होती. रतनबाईंनी तिच्या कासेवर हात फिरवला, शेपटीखाली पाहिलं.

"कळा लागल्यात."

बराच वेळ गेला तरी एकच खूर दिसत होतं. म्हैस जोर करायची, खूर पुढं यायचं आणि पुन्हा आत जायचं. अंगदरावांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर दूरच्या गावी अडकले होते, निघतो म्हणाले.

"तवर ही तग धरायची न्हाई," रतनबाई म्हणाल्या. त्यांनी चंद्रीची मान दोन्ही हातांनी कवटाळली होती. "तुमी घाला हात. तुमी केलतं की पयलं, मामंजींसंगं."

"त्याला लई वर्सं झाली."

"मग मी घालू? मान कोन धरील?"

अंगदरावांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. साबणानं हात धुतले, कोपराच्या वरपर्यंत गोडंतेल चोळलं आणि म्हशीच्या मागं गुडघे टेकले.

आत गरम होतं, घट्ट होतं. कळ आली की हात चेपून निघायचा. बोटांना नाक लागलं, पुढं कपाळ, आणि खाली दुमडलेला गुडघा. कळ ओसरायची वाट बघून त्यांनी कपाळ हळूच मागं सरकवलं. दुमडलेल्या पायाचं खूर तळहातात झाकून घेतलं, की आत कुठं खरचटायला नको.

खुंटीवरच्या सदऱ्यात फोन वाजला.

रतनबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. अंगदरावांचा गाल म्हशीच्या मांडीला टेकलेला होता, डोळे मिटलेले. पाय सरळ होत होता. इंचभर, आणखी जरा.

"आला," ते म्हणाले. "आता जोर करू दे तिला."

पुढच्या दोन कळांत ते सगळंच त्यांच्या मांडीवर घसरत आलं. ओलं, काळं, निपचित. त्यांनी नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली, पोत्यानं छाती खसाखसा चोळली. काही नाही. पुन्हा काडी फिरवली. तो जीव फुर्रकन शिंकला आणि त्यांच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

"वगार हाय गं!" अंगदराव ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की झाडावरच्या साळुंक्या उडाल्या.

चंद्री वळून त्या वगारीला, आपल्या लेकीला, चाटू लागली. अंगदराव तिथंच ओल्यात बसून राहिले. वगार पुढच्या पायांवर उठायची, मागच्या बाजूनं कोसळायची. त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

फोन तिसऱ्यांदा वाजला. आता मात्र ते उठले. हात पुसून, सदऱ्यातला फोन घेऊन हौदापाशी गेले.

"आबा, भागवत बोलतोय. कावून उचलीना फोन?"

"कामात होतो. बोल."

"उद्या बैठक घ्यायचीय, नव्या उमेदवाराची. तुमच्या आखाड्यावर लिंबाखाली लई झकास सावली हाय. मांडवाची भानगड न्हाई. चहापान्याचं तेवढं काकूला सांगा."

"आन् मह्याकडं काय काम?"

"तुमी बसा की म्होरं, वडीलधारे मानूस." भागवतचा आवाज जरा खाली आला. "खरं सांगू का, काकूचाच फोन आलता परवा. आबाला करमंना, कशात तरी घ्या म्हनल्या. म्हनून तुमची जागा सुचवली म्या."

अंगदरावांनी गोठ्याकडं पाहिलं. रतनबाई पाठमोऱ्या बसून वगारीला पोत्यानं पुसत होत्या. एकाच जागी पुसत होत्या.

"जमायचं न्हाई," ते म्हणाले. "म्हैस व्यालीय. गर्दीनं बुजंल."

"आबा, घंटाभराचा तर सवाल..."

"जमायचं न्हाई बे, भागवत."

ते परत आले. रतनबाईंनी मान वर केली नाही.

"कोन होतं?"

"भागवत. साहेबानी लई आठवन काढली म्हनं. उद्या बैठकीला बोलवलंय, सल्ला पायजे त्यांना."

रतनबाईंचा हात थांबला. चेहरा उजळला, आणि तो दिसू नये म्हणून त्या पुन्हा वगारीवर वाकल्या.

"मग जावा की."

"न्हाई म्हनलो."

"का बरं?"

"हिला कोन बघील?"

रतनबाईंनी आता त्यांच्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. त्या उठून चंद्रीसाठी बाजरी शिजत घालायला गेल्या.

वगार उभी राहिली होती. आईच्या पुढच्या पायात तोंड खुपसून आचळ शोधत होती. अंगदराव खाली बसले. कासेतून चिकाच्या दोन धारा बोटांवर घेतल्या, ती बोटं तिच्या तोंडात दिली आणि ती चोखू लागल्यावर हात हळूहळू मागं, कासेकडं नेऊ लागले.