बरोबरीत असला तरी झेंडा

गोटीरामची ती वही म्हणजे घरातला देव्हाराच म्हणा ना. रेल्वेतून निवृत्त होऊन इगतपुरीचं क्वार्टर सोडलं आणि घोटीच्या दोन खोल्यांत आला, तेव्हा कपाट दिलं, खाट दिली, पण वही छातीशी धरून आणली. तरुणपणी एका म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरकडून त्यानं फुटबॉलचे नियम मराठीत उतरवून घेतले होते. ड्रायव्हरसाहेब इंग्रजी पुस्तक वाचून अर्थ सांगायचे आणि गोटीराम मान वाकडी करून लिहायचा. पुस्तक साहेबांबरोबर गेलं, वही राहिली. तिच्यात ऑफसाइडच्या पानावर एका वाक्याखाली लाल शाईच्या दोन रेघा होत्या: ‘बरोबरीत असला तरी झेंडा.’

याच वाक्यानं दोन सख्ख्या भावांची तोंडं फिरवली. त्र्याण्णव साल. रेल्वेच्या मैदानावर फायनल. गोटीरामचा धाकटा भाऊ बुधा पुढच्या फळीत खेळत होता. वाडीवरून आणून, शाळेत घालून, स्वतःच्या ताटातलं वाढून गोटीरामनंच त्याला मोठा केलेला. मुंबईहून रेल्वेचे मोठे साहेब पोरं बघायला आलेले. जिंकणाऱ्या संघातल्या एकाला चाचणीला नेणार, आणि चाचणी म्हणजे नोकरी झालीच समजा. नेमका त्या दिवशी कडेनं झेंडा धरणारा एक लाइन्समन उगवलाच नाही. सगळे म्हणाले, “गोटीरामकडं द्या झेंडा. तो भावाचीसुद्धा भीड ठेवायचा नाय.” झालं! माणसाला एकदा असं डोक्यावर बसवलं, की बिचाऱ्याला खाली उतरता येत नाही.

शेवटच्या पाच मिनिटांत बुधानं गोल मारला. अख्खं मैदान नाचायला लागलं, आणि बघतात तर गोटीरामचा झेंडा वर. बुधा बचावाच्या गड्याच्या बरोबरीत होता, अगदी खांद्याला खांदा. गोल रद्द झाला. पुढच्याच मिनिटाला समोरच्यांनी गोल केला आणि साहेब त्या संघातल्या पोराला घेऊन गेले.

बुधा त्याच संध्याकाळी वाडीवर गेला तो कायमचा. पावसाळ्यात भात लावायचा, थंडीत दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत मजुरीला जायचा. भावाच्या दारात त्यानं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा चितेपासून लांब, आंब्याखाली उभा राहिला. कोणी विषय काढला की गोटीराम म्हणायचा, “रुसला तर रुसला. नियम म्हंजे नियम.” एवढा ताठा, पण त्या दिवसानंतर त्यानंही कधी झेंडा हातात धरला नाही, मैदानाकडं फिरकला नाही, टीव्हीवर मॅच लागली तरी उठून जायचा.

पल्लवी ही गोटीरामची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, बापानंच वाढवली. आता नाशिकच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. ती धावण्यातली, फुटबॉल तिला ठाऊक होता तो फक्त चिंचोक्यांचा. लहानपणी बाप फरशीवर चिंचोके मांडायचा. “हा गोलकीपर, सगळ्यात मागं. हा त्याच्या पुढचा, म्हंजे शेवटून दुसरा. त्याच्यापासनं आडवी रेघ धर. पास निघतो त्या घडीला आपला गडी बॉलच्या बी पुढं आन् त्या रेघेच्या बी पुढं आसंल तर?”

“ऑफसाइड!”

“आन् रेघेवरच आसंल, बरोबरीत?”

“झेंडा!” म्हणून पोर हात वर करायची, आणि बाप तिला उचलून घ्यायचा. हे त्याचं शिकवणं. बुधाकाका का येत नाही याचं उत्तरही तिला त्याच चिंचोक्यांवर मिळालं होतं.

शाळेनं तिला रेफरीच्या शिबिराला पाठवायचं ठरवलं, तेव्हा गोटीरामला आनंद कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं. त्यानं वहीला नवं कव्हर घातलं आणि तिच्या हातात दिली. “यातलं एक अक्षर चुकायचं नाय.”

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी चैताली मॅडमनी फळ्यावर आकृती काढली. मॅडम पल्लवीपेक्षा दोन वर्षांनी लहानच, पण राज्याच्या मॅचेस केलेल्या. त्यांनी विचारलं, “पास निघताना फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या अगदी बरोबरीत आहे. काय कराल?”

“झेंडा!” पल्लवी उभीच राहिली. चिंचोक्यांच्या वेळचा तोच हात, तसाच वर.

मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. मॅडमनी त्यांना दटावलं. “बरोबरीत असला तर ऑफसाइड नाही, ताई. पूर्वी होता. नव्वद साली नियम बदलला. तुम्हाला कोणी शिकवलं हे?”

“बाबांनी,” पल्लवी म्हणाली आणि खाली बसली. नव्वद. त्र्याण्णव. पुढचा तासभर तिला काही ऐकू आलं नाही. बुधाकाकाचा गोल खरा होता. नोकरी खरी होती. बत्तीस वर्षांच्या द्राक्षाच्या फवारण्या आणि ते आंब्याखालचं एकट्याचं उभं राहणं, हे सगळं एका जुन्या पुस्तकापायी झालं होतं. आणि ते पुस्तक जुनं झालंय, हे इगतपुरीच्या मैदानावर कोणाला माहीतच नव्हतं.

रविवारी ती घरी गेली. बाप दारातच. “ऑफसाइडवर इचारलं का?”

“विचारलं.”

“सांगितलंस?”

“सांगितलं, बाबा.”

“शाब्बास!” म्हणून त्यानं तिच्या पाठीत अशी थाप मारली, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याला वाटलं, थाप जोरात बसली. सांगायचं कसं? उभ्या आयुष्यात त्या माणसानं एकच मिरवण्यासारखी गोष्ट केली होती, आणि तीच चूक निघाली होती. नंतर सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करत तिनं महिना काढला.

मग तिची पहिली मॅच आली. नाशिकला मुलींची शालेय स्पर्धा होती, आणि पल्लवीकडं लाइनचा झेंडा. गोटीराम बत्तीस वर्षांनी मैदानावर आला, इस्त्रीचा सदरा घालून, सकाळच्या एसटीनं. दुसऱ्या हाफमध्ये एक उंच, काळीसावळी पोर पास निघाला तेव्हा बचावाच्या मुलीच्या अगदी बरोबरीत होती. पल्लवीला सगळं लख्ख दिसलं. तिनं झेंडा खालीच ठेवला. पोरीनं गोल मारला.

“झेंडा!” कठड्यापाशी गोटीराम ओरडला. “अगं ए! झेंडा!”

लोक वळून बघायला लागले. मॅच संपेपर्यंत तो कठडा धरून उभा होता. ती बाहेर आल्याबरोबर त्यानं विचारलं, “कोणाची भीड पडली तुला? तुझ्या शाळंची हाय का ती पोर?”

“बाबा, बरोबरीत असेल तर ऑफसाइड नसतो.”

“वहीत लिवलंय!”

“नियम बदलला, बाबा.”

“कवा?”

तिनं सांगितलं. गोटीरामनं बोटांवर मोजलं. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव. चौथ्या बोटावर त्याचा अंगठा थांबला आणि तिथंच राहिला. मग तो मैदानाच्या कडेला मातीत खाली बसला. इस्त्रीचा सदरा, स्वच्छ धोतर, कशाचंच भान नाही. पल्लवी शेजारी बसली. सदऱ्याची माती न झटकताच तो उठला नि म्हणाला, “चल.”

“कुठं?”

“बुधाकडं. पाय धरायचेत त्याचे.”

दुपारी तीनच्या सुमारास दोघं वाडीवर पोचले. बुधाची बायको कुसाबाई अंगणात वरई पाखडत होती. दारात कोण आलंय ते बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आत भिंतीला टेकून बुधा बसला होता. छप्पन वर्षांचा माणूस, पण सत्तरीचा दिसावा असा. फवारण्यांनी छाती गेलेली, दोन वाक्यं बोलला की दम लागायचा. भावाला बघून तो धडपडत उठला. “दादा! आरं, बस. कुसे, पाणी आण.”

गोटीराम बसला नाही. त्यानं खिशातून मूठभर चिंचोके काढले. येताना घोटीला घरात शिरून त्यानं ते घेतले होते. सारवलेल्या जमिनीवर त्यानं ते मांडले. “हा गोलकीपर. हा त्यांचा गडी. हा तू. बरोबरीत. आन् बरोबरीतला गोल देत्यात, बुधा. तवाबी देत व्हते. पोरगी शिकून आली. माझी वही जुनी व्हती. मी तुझं वाटोळं केलं रं.” बोलता बोलता तो भावाच्या पायांकडं वाकला.

बुधानं त्याला मधेच धरलं. चिंचोक्यांकडं बघितलं. मग शांतपणे बोट टेकवून त्यानं आपला चिंचोका रेघेच्या पुढं सरकवला, चांगला वीतभर.

“मी हितं व्हतो, दादा.”

“खोटं! माझ्या डोळ्यांनी बघितलं. बरोबरीत व्हतास.”

“तुझी नजर माझ्या पायाकडं नसंल. मला ठावं हाय ना. हाव सुटली व्हती मला, आधीच पळालो. तुझा झेंडा बरोबर व्हता.”

डोळे पुसत गोटीराम अंगणात गेला, कुसाबाईनं तांब्या दिला, तो तोंडावर पाणी मारत बसला. आत पल्लवी आणि बुधा दोघंच उरले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “खरंच पुढे होता तुम्ही?”

बुधा दारातून बाहेर बघत होता. “रेघेवरच व्हतो, पोरी. पुढल्याच थंडीत कळलं मला. दिंडोरीला बागेतनं येताना मॅच बघत थांबलो. तिथल्या रेफरीनं असलाच गोल दिला. इचारलं त्याला, तर म्हणला, नियम बदलून तीन-चार वर्सं झाली.”

“मग येऊन सांगितलं का नाही? बत्तीस वर्षं तुम्ही...”

“सांगून काय झालं आसतं? नोकरी थोडीच मिळत व्हती आता. त्याच्याकडं त्या झेंड्याबिगर व्हतं काय मिरवायला? अन् म्या त्याच्या घरी जेवलो आसतो, बसलो-उठलो आसतो, तर कवातरी तोंडातनं निघून गेलं आसतं. माझं तोंड फाटकं. म्हणून आलोच नाय.” त्याला दम लागला. थोडं थांबून त्यानं तिचा हात धरला. “तू बी सांगू नको.”

गोटीराम आत आला. चिंचोके तसेच होते. तो पल्लवीसमोर बसला. “तू आता रेफरी हायेस. तू सांग. बुधा म्हणतो तिथं जर तो आसंल, तर काय?”

पल्लवीनं काकाकडं बघितलं. त्याचा हात अजून तिच्या हातात होता, द्राक्षाच्या तारांनी चिरलेला, खरखरीत. शिबिरात सगळ्यांकडून शपथ घेतली होती, डोळ्यांना दिसेल तेच सांगू म्हणून. आणि डोळ्यांना समोर रेघेच्या पुढं सरकवलेला चिंचोका दिसत होता.

“ऑफसाइड, बाबा,” ती म्हणाली. “तुमचा झेंडा बरोबर होता.”

गोटीरामनं मोठा श्वास सोडला. बत्तीस वर्षांचा ताठा आणि सकाळपासूनचं ओझं एकदमच उतरलं असावं, कारण पुढच्याच क्षणी तो भडकला. “मग रं? तुझी चूक, आन् तूच रुसून बसलास? येवढ्याशा गोष्टीपायी भावाचं घर टाकलंस? आई तुझं नाव घेत गेली, आन् तू आंब्याखाली! लाज नाय वाटली तुला? पोरीचा जलम झाला, बघाय आला नायस. बोल की!”

तो बोलत राहिला, ओरडत राहिला, मांडीवर हात आपटत राहिला. कुसाबाई दारात पदर तोंडाशी लावून उभी होती. पल्लवीला वाटत होतं, आता उठावं आणि ओरडून खरं काय ते सांगावं. पण बुधानं तिचा हात घट्ट दाबून धरला होता.

“चुकलं, दादा,” मान खाली घालून बुधा म्हणाला. “माझंच चुकलं.”