औषध वाढवा

सोनाळ्याच्या टपालवाल्या इंद्रभाननं ओट्यावर एकाऐवजी दोन पुडकी ठेवली, तेव्हा रुक्मिणीबाईनं ती पुन्हा मोजून पाहिली. येणारी एक बाटली थांबावी म्हणून तिनं पत्र धाडलं होतं, आणि आल्या दोन.

औषध तिच्या नवऱ्याचं, तुळशीरामाचं. दम्यानं त्याला पार पोखरून काढलं होतं. मागं कुठल्याशा जाहिरातीत 'मध्यप्रांत आणि वऱ्हाडात घरपोच' असं वाचून त्यानं मुंबईच्या एका कंपनीला कार्ड टाकलं आणि वर्षभर महिन्याला एक बाटली व्ही. पी.नं, म्हणजे टपालवाल्याला पैसे मोजून सोडवायची अशी, येत राहिली. औषध कसलं, गुळाचं पाणी! दमा होता तिथंच राहिला. वर्ष सरलं तशी रुक्मिणीबाईला वाटलं, सुटलो. तर पुढच्या महिन्यात बाटली पुन्हा हजर. जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं म्हणे, नकार न आल्यास पुढील साल मंजूर समजू. गप्प बसणाऱ्याला होकारात धरायची ही कुठली रीत, देव जाणे.

ही बाटली सोडवायची तर घरच्या गाईचं दूध विकावं लागे. गरम दूध पोटात गेलं की तुळशीरामाला जरा डोळा लागायचा. आता दूध दुसऱ्याच्या घरी जाई आणि तो उशीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढी.

बरं, नकार तिनं कळवला होता. पण घरात आजारी माणूस असताना 'औषध बंद करा' असं अभद्र बोलायचं कसं? दुकानदारसुद्धा दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. म्हणून तिनं इंद्रभानकडून चांगल्या शब्दांत लिहून घेतलं, "आमचं औषध आता वाढवा." इंद्रभान इथलाच, त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुंबईच्या कारकुनानं वाढवलं.

मग मन घट्ट करून तिनं 'बंद करा' असंच लिहायला लावलं. उत्तर आलं ते इंद्रभाननं वाचून दाखवलं. मागणी तुम्हीच वाढवली, आता वर्षभर दोन बाटल्या घ्याव्या लागतील. परत पाठवल्यास खामगावच्या कोर्टात फिर्याद करू. ग्राहक मयत झाला तरच खातं बंद होईल.

"मंग लिहून टाक ना, मेला म्हनून," तुळशीराम बाजेवरून म्हणाला. हसायला गेला तर त्याला ढास लागली.

"काहीबाही बोलू नोका."

"काऊन? कागदावर मेल्यानं मानूस मरते काय? लय थकलो वं मी. मले झोप पाह्यजे."

तीही थकलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं इंद्रभानला बोलावलं आणि तोंडाला पदर लावून कसंबसं म्हणाली, "लिव्हा भाऊ. वारले म्हना." तो गेल्यावर देवापुढं जाऊन तिनं कपाळाला पुन्हा ठसठशीत कुंकू लावलं.

पुढचा महिना कोरडा गेला. तुळशीराम दूध पिऊन झोपू लागला. नवरा निजलेला पाहून तिला बरं वाटे आणि केल्या कर्माची भीतीही वाटे.

मग एके दिवशी इंद्रभान दारात येऊन उभा राहिला, पण पिशवीतून हात काही बाहेर काढीना.

"काय हाय, भाऊ?"

"कंपनीनं दुखवटा कळवला, काकू. आन् वारसाच्या नावानं खातं चालू ठेवलं म्हंते. दोन बाटल्या हायेत."

"नाव वाचा."

"राहू द्या ना, काकू."

"वाचा म्हंते मी!"

इंद्रभाननं मान खाली घातली. "गं. भा. रुक्मिणीबाई."

गंगाभागीरथी! विधवेच्या नावामागं लावायचं ते तिच्या नावामागं, आणि नवरा आत बाजेवर जिवंत. रुक्मिणीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस जिला शब्द जपून वापरावे लागले, ती आता कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती.

"घेत नाही! न्या परत. कोर्टात जा, नाहीतर मसनात जा म्हना त्यायले!"

आणि लग्नापासून उखाण्याशिवाय जे नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, ते ती भर गल्लीत ओरडली, "जिता हाय माहा तुळशीराम! तुळशीराम!"

आतून खोकत खोकत त्यानं ओ दिली.