वॉल्टर एल्डरमूरची शोकसभा

शनिवारी दुपारी मितेशचा फोन आला तेव्हा रत्नदीप गिटारीत वायर सोल्डर करत होता.

"रत्नदीप भाई, उद्या अकराला हॉल घेतलाय. टेंभी नाक्याच्या मागेच. वॉल्टर सरांची शोकसभा. तुला बोलायचंय. त्यांना ओळखणारा आपल्यात तूच एक."

वॉल्टर सरांना ओळखणारा खरोखरच तो एकटा होता. कारण वॉल्टर सरांना त्यानेच जन्माला घातलं होतं आणि चार दिवसांपूर्वी त्यानेच मारलं होतं.

गोष्ट अशी. रत्नदीप घाणेकर आंबिवलीला एका गाळ्यात इलेक्ट्रिक गिटारी बनवतो. पिकअप, ब्रिज, खुंट्या हे सगळं कुरिअरने येतं, ते बसवणं आणि आवाज लावणं त्याचं काम. पण गिटारीचा जीव तिच्या दांड्यात असतो. हात त्यावरून फिरतो, आणि तो एका केसाने जाड झाला तरी बोटांना कळतं. तो दांडा घडवतात रत्नदीपचे वडील, शिवराम अण्णा.

अण्णा ठाण्याच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, त्यावरून वाळूत साचा उठतो आणि साच्यात रस पडतो. ओतलेल्या मालावर कंपनीचं नाव झळकायचं आणि लाकडाचा नग फळीवर धूळ खात पडायचा. ते कंपनीचं नावसुद्धा अण्णांनीच लाकडात कोरलेलं असायचं. पस्तीस वर्षं माणसाने दुसऱ्याचं नाव कोरलं. म्हणून पहिली गिटार पुरी झाली तेव्हा दांड्याच्या टोकाला मोकळी जागा बघून ते म्हणाले, "इथं नाव येतं ना रे? मग आपलं टाक की. शिवराम. साधंच."

रत्नदीपने टाकलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. 'शिवराम' लिहिलेल्या दोन गिटारी ठाण्याच्या एका दुकानात वर्षभर लटकत होत्या. पोरं त्या हातात घ्यायची, वाजवून खूश व्हायची, नाव वाचायची आणि पुन्हा खिळ्याला लावायची. एकाने विचारलं, हे हार्मोनियमवाले का? पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय. शेवटी रत्नदीपने दोन्ही नावं खरवडली आणि 'एल्डरमूर' असं इंग्रजीत लिहिलं. हा शब्द त्याने कुठेही वाचलेला नव्हता, नुसता तोंडात घोळवून बघितला होता. आठवड्यात दोन्ही गिटारी गेल्या.

"जरा बस्तान बसू दे अण्णा, मग तुमचं नाव," तो म्हणाला.

"बसू दे," अण्णा म्हणाले. आणि बस्तान बसत गेलं तसं ते नाव टाकणं अवघड होत गेलं.

कारण नुसत्या नावाने भागत नाही, नावाला घराणं लागतं. वेबसाइटवर काहीतरी लिहायला हवं म्हणून रत्नदीपने अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावात वॉल्टर एल्डरमूर नावाचा म्हातारा बसवला आणि स्वतःला त्याचा इथला एजंट केलं. पुढे काय लिहावं ते सुचेना. समोर अण्णा कानस चालवत होते. त्याने त्यांचंच आयुष्य उतरवून काढलं. पस्तीस वर्षांचा कारखाना, करवतीत गेलेलं डाव्या तर्जनीचं पेर, डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने दांडा तपासायची सवय. फोटो म्हणून अण्णांचे हात टाकले, चेहरा नाही. अण्णा कधी वेबसाइट बघायला गेले नाहीत. आपल्या मालाला इंग्रजी नाव आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मितेश ठाण्यात गिटार शिकवतो आणि त्याचे व्हिडिओ हजारो लोक बघतात. त्याने एल्डरमूर घेतली आणि व्हिडिओत तिचा दांडा कुरवाळत म्हणाला, "हे हात बघा. आपल्याकडे असं काम कोण करणार?" रत्नदीपने तो व्हिडिओ अण्णांच्या शेजारी बसून, कानात हेडफोन घालून बघितला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. त्याच आठवड्यात सहा ऑर्डरी आल्या.

मग मितेशला वॉल्टरशी व्हिडिओ कॉल हवा झाला. म्हाताऱ्याला फोन आवडत नाही, रत्नदीपने कळवलं. मितेश म्हणाला, मग मीच जातो. बोलून थांबला नाही, व्हिसा काढला, तिकिटाचा फोटो पाठवला. रत्नदीप दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने मेसेज टाकला: कळवण्यास दुःख होतं की वॉल्टर सर गेले. त्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. हा खोकला हॉल बुक करणारा निघेल हे त्याला कुठून कळणार.

"उद्या कसला कार्यक्रम?" अण्णांनी विचारलं. फोनवरचं अर्धं त्यांनी ऐकलं होतं.

"कंपनीच्या नावाचे जुने मालक वारले. आपल्या गिटारी घेतलेली पोरं जमणार आहेत. वाजवतील थोडं."

"सगळ्या आपल्या गिटारी? एकत्र?" अण्णांनी कानस खाली ठेवली. "मग मी येतो. मी कधी ऐकल्याच नाहीत रे. तू तार लावलीस की त्या जातातच."

रत्नदीपने उद्यासाठी गाडी सांगितली. घरी त्याची बायको योगिनी म्हणाली, "आज सांगून टाक त्यांना. तिथे कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं." तो म्हणाला, सांगतो. मग म्हणाला, सकाळी सांगतो. सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते आणि गाडीत सबंध वाटभर ड्रायव्हरला पॅटर्न म्हणजे काय ते समजावत होते. त्याने सांगितलं नाही.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. चौदा गिटारी रत्नदीपने मोजल्या. समोर टेबलावर पांढरी चादर, समई, उदबत्त्या, आणि मध्ये मोठ्या फ्रेममध्ये अण्णांचे हात.

"चेहऱ्याचा फोटो कुठेच नाही," मितेश म्हणाला. "मग साइटवरचाच मोठा करून घेतला. बरा आलाय ना?" रत्नदीपने वळून बघितलं. अण्णा खिशात चष्मा शोधत होते.

मितेश वाईट मुलगा नाही. ताटातला झेंडूचा हार उचलून त्याने सभोवार बघितलं आणि रीतीप्रमाणे तो वयाने मोठ्या माणसाकडे नेला. "काका, इथे सगळ्यात वडीलधारे तुम्हीच. हार तुमच्या हातून."

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. हे घाणेकरांच्या घरात कोणी शिकवलं नव्हतं, पण एकदा दसऱ्याला योगिनीने उरलेली माळ चुकून अण्णांच्या निरोप समारंभाच्या फोटोवर टाकली होती, तेव्हा रत्नदीपच्या आईने ताटावरून उठून ती काढली होती. आई आता नव्हती. काढणारं कोणी असेल तर तो रत्नदीपच होता.

"थांबा," तो म्हणाला.

मितेश वळला. चाळीस माणसं वळली. मांडीवर गिटारी, डोळ्यांत खरंखुरं दुःख. एकच वाक्य बोलायचं होतं: हे हात यांचे आहेत. मग काय झालं असतं ते त्याला लख्ख दिसलं. चौदा गिटारी चौदा जणांनी जमिनीवर ठेवल्या असत्या, अण्णांच्या देखत, आणि त्याच पोरांनी त्याच दांड्यांना खोटा माल म्हटलं असतं. मागे दार होतं, ते उघडंही होतं. त्याला कुठेच जाता येत नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "चालू दे."

अण्णांना चष्मा सापडला होता. ते हार घेऊन फ्रेमपुढे गेले आणि थांबले. बराच वेळ थांबले. स्वतःचे हात माणूस रोज बघतो, त्याला ओळख पटायला वेळ लागत नाही. वेळ लागला तो दुसऱ्या कशाला तरी. मग त्यांनी हार वर उचलला. फ्रेमच्या कोपऱ्याला तो नीट अडकेना, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी तो सारखा केला, आणि फोटोतल्या आखूड बोटाशेजारी त्यांचं आखूड बोट क्षणभर टेकलं. चाळीस माणसांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. अण्णांनी हात जोडले आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसले.

मग मितेशने वॉल्टरचं आयुष्य वाचून दाखवलं. पस्तीस वर्षं, करवत, मिटलेले डोळे. पोरी नाक पुसत होत्या. अण्णा मान खाली घालून ऐकत होते, आपलंच कोणी नीट सांगतंय अशासारखे. रत्नदीप बोलायला उभा राहिला आणि दोन वाक्यं बोलला, ती त्याला पुढे कधी आठवली नाहीत. शेवटी चौदाच्या चौदा गिटारी एकदम वाजल्या, आणि फार सुंदर वाजल्या. तेवढ्यात अण्णांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं.

परत येताना ते एकच बोलले. "कितव्या वर्षी गेला म्हणे?"

"ब्याऐंशी."

"पुष्कळ जगला," अण्णा म्हणाले.

सोमवारी सकाळी मितेशचा मेसेज होता: वॉल्टर सरांच्या हातच्या शेवटच्या काही उरल्या असतील तर सात जण तयार आहेत. रत्नदीपने फोन उलटा ठेवला. लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्यात अर्धा झालेला दांडा होता. अण्णा रोजच्या वेळेला आले, तेव्हा तो आधीच उभा होता.

"अण्णा, याच्यावर तुमचं नाव. आजच कोरा, तुमच्याच हाताने. विको न विको. मी सगळ्यांना सांगतो, मितेशलाही."

अण्णांनी दांड्यावरून अंगठा फिरवला, एका जागी जरा थांबले, मग शिकंजा सोडवून दांडा त्याच्या हातात दिला.

"काल सांगायचं होतंस. मी हातात हार घेऊन उभा होतो रे, तुझी वाट बघत. तू म्हणालास, चालू दे." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "हार घातलेल्या माणसाकडून काम करून घेत नाहीत, रत्ना."