बुचडा

रुपालीने तेलाची वाटी पाटाजवळ ठेवली आणि सासूच्या डोक्यावरचा पदर हलकेच मागे सारला. गोजरबाईने तो लगेच पुढे ओढून घेतला.

"आई, आज तेरवी आहे. आज तरी केस सोडा."

"राहू दे."

"बाया येऊन बसल्या बाहेर. काय म्हणतील?"

गोजरबाई दाराबाहेर पाहत राहिली. अंगणात मांडव घातला होता. त्याच्यापलीकडे वांग्याची झाडं फळांच्या भाराने वाकली होती. इतक्या दिवसांत तोडा झालाच नव्हता.

वामनराव गेले त्या दिवसापासून तिचा बुचडा तसाच होता. बायांनी डोक्यावरून पाणी ओतलं तेव्हाही तिने उजवा हात मागे नेऊन तो घट्ट धरून ठेवला होता. सुतकात तेल-फणी नसतेच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पण आता सुतक फिटलं होतं आणि केसांना कुबट वास येऊ लागला होता.

रुपालीने दारातून नवऱ्याला हाक मारली. ज्ञानेश्वर बुंदीच्या पातेल्यापासून उठून आला. बापासाठी केस उतरवलेल्या डोक्यावर नुकते खुंट दिसू लागले होते.

"माय, काऊन हट्ट करून राह्यली? बाबा असते तं खेकसले असते आतापावतो."

ते खरंच होतं. अख्खं पिंपळगाव राजा गाव वामनरावांच्या जिभेला भीत असे. नांदुऱ्याच्या बाजारात त्यांच्या टोपल्यातलं वांगं न विचारता उचलायची कोणाची छाती नव्हती. आताही मांडवात कोणी म्हातारा सांगत होता, की वामन म्हणजे आग्यामोहोळ, पण माणूस सरळ. ज्ञानेश्वरने मघाशी त्यावर मान डोलावली होती. बापाचा हात डोक्यावरून फिरल्याचं त्याला आठवत नव्हतं. दहावीनंतर तो बुलढाण्याला शिकायला निघाला, तेव्हा बापाने वळकटी एसटीच्या टपावर बांधली आणि गाडी हलायच्या आत पाठ फिरवली. पुढे तिथल्याच कोर्टात नोकरी लागली, तेव्हाही नुसतं "हं" म्हणाला होता.

कोपऱ्यात पत्रावळी पुसत बसलेली त्यांची मुलगी अर्पिता म्हणाली, "नसते रागावले आबा. मी लहान होते तेव्हा उन्हाळ्यात माझ्या वेण्या तेच घालून द्यायचे."

"कोन? बाबा?"

"दोन वेण्या. इतक्या घट्ट, की डोकं दुखायचं. मी विचारलं, आबा, तुम्ही कुठं शिकलात? तर म्हणाले, गप बस, मान हालवू नको."

रुपालीला हसू आलं. ज्ञानेश्वरला आलं नाही. तो आईकडे पाहत होता. तिचा डावा हात मांडीवर पडलेला होता. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हापासून तो छातीच्या वर जात नसे. ज्ञानेश्वर तेव्हा शाळेतच होता. एका हाताने ती कणीक मळायची, केर काढायची, ते तो येता-जाता बघत आला होता. बुचड्याला दोन हात लागतात, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"माय," तो खाली बसला. "तुहा बुचडा कोन बांधे?"

गोजरबाईने उजव्या हाताने पदराखालचा बुचडा चाचपला.

"त्यायले पयले नव्हता येत," ती म्हणाली. "हिरव्या सांबाराची जुडी बांधतात ना, तसा आवळे. मी वरडो, तं म्हनत, बाजारात सुटला नाई पायजे." तिच्या ओठांची कड किंचित हलली. "दार लावून बांधत. कोनाले सांगू नको म्हनत, लोकं हासतीन. मीबी नाई सांगतलं. कोनी पुसलं तं म्हनो, मीच बांधतो."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीबी बांधला. आकडा खोचला आन म्हने, छातीत भरून आल्यासारखं होते. माह्या मांगंच बसले होते." तिने पदर घट्ट धरला. "हा त्यायचाच हाय."

रुपालीने फणी नवऱ्याजवळ ठेवली आणि अर्पिताला घेऊन बाहेर गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं.

ज्ञानेश्वर आईच्या मागे सरकून बसला.

"मले नाई येत, माय."

"त्यायलेबी कुठं येत होता?"

त्याने तेलाची वाटी जवळ ओढली. बऱ्याच वेळाने गोजरबाईने पदरावरचा हात काढला.

आकडा गंजून केसांत रुतला होता. तो निघाला तरी बुचडा सुटला नाही. केस पिळाला इतके सरावले होते, की ते एकेक वेढा करून उलगडावे लागले. गोजरबाई डोळे मिटून बसली होती. शेवटचा वेढा पाठीवर पडला, तेव्हा तिचा श्वास मोठ्याने बाहेर आला. ज्ञानेश्वरने तेल लावलं आणि फणी वरून ओढली.

"खालून घे. गुंता हाय."

त्याने खालून घेतली.

"आकडा दातात धर. दोन्ही हात मोकळे राह्यतात."

त्याने आकडा दातात धरला. केसांना पीळ देता देता त्याचे हात मध्येच थांबले. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. गोजरबाईने वळून पाहिलं नाही.

"तू बुलढान्याले गेला ना, त्या दिवशी तुले गाडीत बसवून आले आन बुचडा बांधाले बसले," ती म्हणाली. "म्या म्हटलं, सकाळी तं बांधला तुमी. तं म्हने, ढिला झाला. सोडला, आन असेच थांबून राह्यले. लय वेळ."

तोंडात आकडा होता. ज्ञानेश्वरने पीळ पुन्हा घट्ट केला.

दुपारी बायांची पंगत बसली. अंबाडीची भाजी वाढून झाली, तशी शेजारच्या मळ्यातली जनकाबाई गोजरबाईकडे वाकली.

"बरं झालं, केस उकलले. पन एकीकडं कलला पाह्य तुहा बुचडा. कोनं बांधला?"

गोजरबाईने भाताचा घास कालवला. मांडवाच्या त्या टोकाला ज्ञानेश्वर वाकून माणसांना बुंदी वाढत होता.

"पोरानं," ती म्हणाली. "पयले हे बांधत."

जनकाबाईचा हात पत्रावळीवर थांबला. तिने ज्ञानेश्वरकडे पाहिलं. मग हात पदराला पुसून म्हणाली, "इकडं हो जराशीक. नीट करून देतो."

"राहू दे," गोजरबाई म्हणाली. "शिकून राह्यला तो."