केसांच्या गाठी

सुनेने कुत्र्याला वर्तमानपत्रावर उभं केलं आणि कानामागच्या गाठीत कंगवा घातला. मूठभर जिवाचा, जमिनीपर्यंत केस लोळवणारा तो टेरिअर कळवळला.

"मुळाशी ओढू नकोस," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती, कान मात्र तिखट होते. "आधी टोकाकडून सोडव. तुझ्या हाताला मायाच नाही."

सासूबाई दवाखान्यात असताना त्याच्या केसांना कोणी हात लावला नव्हता. पोटाखाली तर नुसता गोळा झाला होता. सुनेने टोकाकडून सुरुवात केली. कुत्रा पुन्हा कळवळला.

"सोनं माझं. कोणाच्या तावडीत सापडलास रे."

लग्न होऊन आल्यापासून या घरात 'सोनं' हा शब्द तिने कुत्र्यासाठीच ऐकला होता. तिने कंगवा ठेवला आणि नवऱ्याचं दाढीचं मशीन आणलं.

"काय घरघरतंय गं?"

"शेजारी काम चाललंय."

केसांच्या ढिगातून पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं काहीतरी बाहेर आलं. तिने त्याला पिसवांच्या औषधी साबणाने धुतलं, पुसलं. सुटताच ते नेहमीसारखं पलंगावर चढलं.

सासूबाईंचा हात पाठीवरून फिरला आणि थबकला.

"हे कोणाचं?"

सून खरं सांगणार होती. शब्द ओठांवर आलाही होता.

"शेजारचं," ती म्हणाली.

"मग माझा कुठाय?"

"मघाशी कळवळला, तो शेवटचाच. गेला तो, आई."

कुत्रा सासूबाईंची बोटं चाटत राहिला. त्यांनी कोपराने ढकललं, तो पुन्हा चिकटला.

"ने गं याला," त्या म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्या तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "परकं जनावर नको मला."

तिने त्याला उचलून खोलीबाहेर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

संध्याकाळी नवरा आला. दाराशी बसलेलं ते उघडं कुत्रं बघून त्याला हसू आलं. मग आतले हुंदके ऐकू आले.

"आई का रडतेय?"

"त्याचे केस कापले ना."

"एवढ्यासाठी?" त्याने बाहेरूनच आवाज दिला, "आई, रडतेस काय? येईल सगळं परत."

"गेलेलं कुठे परत येतं रे?"

"वय झालं," बायकोकडे बघत तो म्हणाला, आणि चहा टाकायला सांगितला.

तिने आधण ठेवलं.