सातवा रकाना

हनुमंतरावांचं अक्षर मोत्यासारखं होतं, हे तंजावरच्या मराठी घरांत सगळ्यांना तोंडपाठ होतं. इंग्रजांच्या अमदानीत त्यांनी जन्ममृत्यूच्या वह्या लिहिल्या आणि एकाही पानावर शाईचा डाग पाडला नाही म्हणे. मुलगा वादिराज त्याच कचेरीत कारकून झाला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वडील वारून दहा वर्षं झाली, तरी प्रत्येक नवा साहेब त्याला वडिलांचा दाखला द्यायचाच.

छप्पन्न साली वरून हुकूम आला. जुन्या मृत्युवह्यांतून रोगवार तक्ते करायचे आणि मग वह्या जाळायच्या. वादिराज सत्तावीस सालच्या वहीवर आला. सातवा रकाना मृत्यूच्या कारणाचा. देवळामागच्या तीन गल्ल्यांत एका महिन्यात अठरा माणसं गेलेली आणि अठराही ठिकाणी इंग्रजीत एकच शब्द: 'फीवर'. पण त्या अठरा नोंदींच्या काठावर, समासात, बारीक शाईने एक वळणदार खूण होती. अठरावी नोंद वाचून तो थांबला. सुंदरी, वय वर्षं सहा, बापाचं नाव हनुमंतराव. त्याची थोरली बहीण.

सुंदरीचं मरण घरात एकाच तऱ्हेने सांगितलं जाई. आईने, कृष्णवेणीने, तिला भर उन्हाळ्यात पळैयदु घातलं, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. तो बाधला, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दीड दिवसात पोर गेली. हे आधी सासू बोलली, मग सगळेच बोलले. हनुमंतराव बोलले नाहीत आणि त्यांनी कोणाला अडवलंही नाही. त्या दिवसापासून कृष्णवेणीने पळैयदु तोंडात घातलं नाही. मूठभर भाताचं पाप त्या बाईने एकोणतीस वर्षं डोक्यावर वाहिलं, आणि बाकीचे तिच्यासमोर बसून तोच भात ताक घालून भुरकत राहिले!

खूण मोडीतली असावी, एवढं वादिराजला कळलं. त्याला मोडी येत नव्हती. कचेरीत कोणालाच येत नव्हती. आईला मात्र येत होती, सासऱ्यांनी शिकवली होती. गुरुवारी दुपारी जेवायला येताना त्याने वही पंच्यात गुंडाळून घरी आणली. हा गुन्हा होता, पण त्याला राहवलं नाही.

"आई, हे काय लिहिलंय सांग. तक्ता झाला की वही जाळणार आहेत."

कृष्णवेणीने चष्मा लावला. "वां," ती म्हणाली. पान उलटलं. "हेही वां. वांतिभेदी रे. कॉलरा." ती एकेक नोंद बोटाने मोजत खाली आली. सतरा झाल्या, आणि बोट सुंदरीच्या नावावर टेकलं.

बोट तिथेच ठेवून तिने मान वर केली.

"रथोत्सव होता त्या महिन्यांत," ती म्हणाली. "वरून सांगितले होते म्हणे, रथ फिरून जाग्यावर पोंचेपर्यंत वहींत कॉलरा लिहायचा नाही. लिहिले की उत्सव बंद. प्रत्येक घर आपापलं मरण झाकलं, शेजारीं कोण कशानें गेलं ते आम्हां बायकांना काय कळतंय? पण कॉलरा लिहिले असते तर माणूस येऊन विहिरींत लाल औषध टाकला असता. सगळ्यांची एकच विहीर. आपलीही तीच."

"म्हणजे अप्पांना ठाऊक होतं?"

"सतरा वेळां ठाऊक होतं." तिने पान डोळ्यांजवळ नेलं. "आणि अठराव्याला बघ. पोटची पोर. अक्षर हाललं नाही रे."

वादिराजला वाटलं होतं, आईचा भार उतरेल. तो उतरलाही असेल, पण त्या जागी नवरा येऊन बसला. ती रडली नाही. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"ते काठावर लिहिले," ती वही परत देत म्हणाली. "वही जाळली की काठ गेला. तू तुझ्या तक्त्यांत, आंत लिही. सातव्या रकान्यांत जे हवं होतं ते."

"लिहितों," वादिराज म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याने खरंच तक्त्यात लिहिलं: कॉलरा, अठरा. साहेबांनी वही मागवली, पडताळून पाहिलं. "रकान्यात फीवर आहे."

"काठावर मोडीत आहे सर."

"कोण वाचतो मोडी? तुझी आई?" साहेब हसले. "तक्ता नीट करून आण. का नोकरी नको झालीय?"

वादिराजला तीन मुलं होती. त्याने नवा कागद घेतला, जपून सावकाश लिहिलं: फीवर, अठरा. जन्मात पहिल्यांदा त्याचं अक्षर बापासारखं आलं. सत्तावीस सालची वही शिपाई मागच्या अंगणात घेऊन गेला.

दुपारी तो घरी आला तेव्हा आई न्हाऊन, केस मोकळे सोडून पाटावर बसली होती. समोर केळीच्या पानावर पळैयदु होतं. सून दाराआड पदर तोंडाला लावून उभी होती.

"लिहिलास?" कृष्णवेणीने विचारलं. तिचा हात भातावर होता.

"लिहिलों आई."

तिने पहिला घास घेतला. डोळे मिटून, सावकाश, लहान पोर खातं तसा खाल्ला, आणि तिच्या गालावरून पाणी वाहू लागलं.

वादिराज बघत उभा राहिला. त्याचा आवाज जरासुद्धा हालला नव्हता.