दाबहारी महाराज आणि चमत्कार क्रमांक एक

भातकुलीच्या अलीकडच्या त्या गावात दर गुरुवारी चार वाजता रक्तदाब उतरायचा, आणि विमान उतरणार असल्यासारखी गर्दी तो बघायला जमायची. अमरावतीहून बसने, नांदगाव पेठेच्या कारखान्यांतून पाळी संपवून, कुठून कुठून जीपला लटकून माणसं यायची आणि आपापला दाब घेऊन रांगेत उभी राहायची.

मंडपात उंच सिंहासन, त्यावर श्री दाबहारी महाराज. सिंहासनाशेजारी एक खांब आणि खांबावर चांदीच्या पादुका. खाली पाटावर बसलेल्या माणसाचा हात ताणून जेमतेम पोचेल, अशा बेताने तो खांब उभा केला होता. पाटाच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात ‘चमत्कार क्रमांक एक’ असा केशरी पट्टा घालून, शेषराव बसलेला.

त्याचं काम सोपं होतं. घड्याळासारखं मनगटाला बांधायचं दाबाचं यंत्र भक्ताला बांधायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, आणि महाराजांनी बोट दाखवलं की हसायचं. त्या गुरुवारी पाटावर त्याची बायको होती, पार्बताबाई.

“पहिले हात धरणीमातेवर,” महाराज म्हणाले. “धरणी खोटं बोलत नाही.”

पार्बताबाईंनी हात जमिनीला टेकवला. यंत्र गुरगुरलं.

“दोनशे सहा,” शेषरावने वाचलं. त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

“गोळी म्हणजे काय, माउली?” महाराज म्हणाले. “गुलामी. आज एक मागते, उद्या दोन मागते, परवा तुमचं वावर मागते. रक्त म्हणजे नदी. नदीले कोणी गोळी देते का?”

नदीला गोळी देतात का, याचा आजवर कोणी विचारच केला नव्हता. त्यामुळे मुद्दा सगळ्यांना पटला.

मग डोळे मिटून, मंत्र म्हणून, महाराजांनी पार्बताबाईंचा तोच हात वर नेला आणि पादुकांवर ठेवला. यंत्र पुन्हा गुरगुरलं.

“एकशे बेचाळीस.”

टाळ्या पडल्या. पार्बताबाईंनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि समोरच्या तांब्याच्या गंगाळात सोडून दिली. अर्धं गंगाळ आधीच भरलं होतं. महाराजांनी बोट दाखवलं आणि शेषराव हसला.

तो स्वतः उन्हाळ्यात याच पाटावर बसला होता, सगळ्यांत पहिला. त्यानेही गोळ्या टाकल्या. पुढे झेंडू तोडताना एक दिवस कानात मोटारपंप सुरू झाल्यासारखं झालं आणि एका झाडाची दोन झाडं दिसायला लागली. कोणाला न सांगता तो अमरावतीला गेला. तिथल्या डॉक्टरने त्याला असा झापला, की बाहेर बसलेल्या पेशंटांनीही मान खाली घातली. तेव्हापासून शेषराव रोज सकाळी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन गुपचूप गोळी घ्यायचा. तंबाखूचा खर्रा सोडला, लोणच्याची बरणी लांब केली, पाणी बघायच्या निमित्ताने मळ्याला भरभर चकरा मारायला लागला. दाब ताळ्यावर आला. तो आला म्हणून महाराजांनी त्याला पट्टा घातला. म्हणजे चमत्कार खरोखर चालू होता. फक्त तो चहाच्या आधी, अर्धा ग्लास पाण्यासोबत व्हायचा.

हे आता सांगायचं कोणाला? भातकुलीच्या बसथांब्यावर महाराजांच्या फलकात त्याचा फोटो होता. किराणावाला मोतीराम तर गोळ्या टाकताना सगळ्यांदेखत म्हणाला होता, “मी देवाले नाई ओळखत. मी शेषरावभाऊले ओळखतो.”

आणि आता घरातच तेच झालं. दोनच दिवसांत पार्बताबाई भिंत धरून चालायला लागल्या.

“चक्कर येऊन राहिली,” त्या म्हणाल्या.

“मंग घे ना एखांदी गोळी.”

“काहून? तुमी घेता का?”

शेषरावकडे उत्तर होतं. ते त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होतं. तो म्हणाला, “नाई वो, सहज म्हटलं,” आणि उगाच मळ्याकडे निघून गेला.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्या चुलीपुढून उठल्या आणि पुन्हा बसल्या. शेषराव म्हणाला, “मलेच बरं नाई वाटून राहिलं, चाल माह्यासंग,” आणि त्यांना आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेला. निघताना पार्बताबाईंनी देवघरातून यंत्र उचललं. महाराजांचं यंत्र एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत शेषरावच्या घरी, बाळकृष्णाशेजारी मुक्कामाला असायचं. त्याला रोज हळदकुंकू लागत असल्यामुळे त्याचं बटण आता लाल होतं की पिवळं, हे सांगता येत नव्हतं.

उपकेंद्रात आरोग्य अधिकारी प्रतीक्षा मॅडम होत्या. त्यांनी पार्बताबाईंना खुर्चीत टेकून बसवलं, थोडा वेळ बोलू दिलं नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि दंडाला पट्टा बांधून मोजलं.

“एकशे ब्याऐंशी. काकू, गोळ्या बंद केल्या का?”

“तुमची मशीन खराब हाय, मॅडम. महाराजाकडे एकशे बेचाळीस भरला. हे घ्या त्याइचीच मशीन, पाहा याच्यात.”

मॅडमनी यंत्र हातात घेतलं, कुंकू पुसलं. “कसा मोजला? मला करून दाखवा.”

पार्बताबाई फरशीवर मांडी घालून बसल्या. हात खाली टेकवला. दोनशे आठ. मग भक्तिभावाने तोच हात वर करून औषधांच्या कपाटाच्या कडेवर ठेवला. मॅडमनी मंत्र म्हटला नाही. त्या फक्त कपाट धरून उभ्या राहिल्या.

एकशे सेहेचाळीस.

“झाली मी महाराज,” मॅडम म्हणाल्या. “आता हात छातीशी धरा.”

एकशे ऐंशी.

शेषरावने तिन्ही आकडे ऐकले आणि मटकन बाकावर बसला.

“काका, तुमच्या मळ्यात टाकी आहे ना? टाकीच्या बुडाशी नळ लावला तर?”

“धो धो येते.”

“आणि वरच्या कडेजवळ लावला तर?”

“करंगळीएवढी धार.”

“म्हणून टाकीतलं पाणी कमी झालं का? मनगट हृदयाच्या खाली नेलं की आकडा चढतो, वर नेलं की उतरतो. तुमचा, माझा, महाराजांचाही. शरीरातला दाब आहे तिथेच असतो. पार्बताकाकूंचा आत्ता एकशे ऐंशीच आहे, आणि तो मेंदूतली नस फोडायला पुरतो.”

पार्बताबाई उठल्या, खुर्चीत बसल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. “मंग यायचा कसा उतरला? मोजा. छातीशी हात धरून मोजा.”

मॅडमनी मोजला. एकशे सव्वीस.

“पाहा,” पार्बताबाई म्हणाल्या. “यायले गुन आला. माहीच भक्ती कमी पडली. मी आज चार वाजता पुन्हा बसतो पाटावर.”

दार उघडं होतं, पण शेषरावला बाहेर जायला वाट नव्हती. त्याने बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. अर्धं रिकामं होतं.

पार्बताबाईंनी पाकीट उचललं आणि त्यातली रिकामी घरं एकेक करून मोजली.

“मी भिंत धरून चालली,” त्या म्हणाल्या, “अन् तुमी मोटारीच्या खोलीत तब्येत सांभाळून राहिलते.”

“चुकलं माहं.”

“मले सांगून काय होते? मोतीरामभाऊले सांगा. गंगाळात ज्याइनं ज्याइनं टाकल्या त्याइले सांगा. तुमी आज माइकवर बोलसाल, तवाच मी गोळी तोंडात टाकीन.”

“काकू, असं अडून बसू नका,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, तुमचं लग्न झालं का?”

“नाही.”

“मंग राहू द्या.”

चार वाजले तेव्हा महाराजांची जीप अजून वाटेत होती. शेषराव पट्टा न घालता मंचावर चढला. त्याने मोतीरामला पाटावर बसवलं. हात खाली, एकशे शहाण्णव. हात वर, एकशे चौतीस. हात छातीशी, एकशे सत्तर.

“पाहिलं?” तो माइकवर म्हणाला. “महाराज आले नाई, मंत्र झाला नाई, तरी उतरला.”

मग पुढे बसलेली एक म्हातारी उठली, मंचावर आली आणि शेषरावच्या पाया पडली.

“शक्ती यायच्यात उतरली,” ती म्हणाली.

बघता बघता रांग लागली. कोणीतरी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो त्याच्याच मळ्यातला होता. शेषराव टाकीचं सांगत होता, नळाचं सांगत होता, आणि लोक म्हणत होते, “वा, काय दृष्टांत देऊन राहिले.” पट्ट्यातून सुटायला आलेला माणूस सिंहासनाकडे ढकलला जात होता. मागे सरकायला जागा नव्हती. मागे पादुका होत्या.

तेवढ्यात पार्बताबाईंनी माइक ओढून घेतला.

“हा मानूस देव नाई. हा माहा नवरा हाय. आन् हा चार मयन्यांपासून चोरून गोळी खाऊन राहिला.”

म्हातारीने शेषरावचे पाय सोडले. मागून कोणीतरी फस्सकन हसलं, आणि हसू बायकांच्या बाजूने पुरुषांच्या बाजूला गेलं.

महाराज आले तोवर मंडपभर लोक आपापला हात खालीवर करून बघत होते.

“यंत्राले नजर लागली,” महाराज म्हणाले.

“मंग छातीशी हात धरून उतरवा ना, महाराज,” मोतीराम म्हणाला. “एकडाव.”

“छातीत वासना असते. हात तेथे अपवित्र होतो.”

जीपचं इंजिन ड्रायव्हरने बंदच केलं नव्हतं. तो या धंद्यात जुना असावा.

जीप महाराजांना घेऊन गेली तरी गर्दी पांगेना, म्हणून पार्बताबाईच बोलल्या. “आयका. गोळीची सवय लागते म्हनतात. चष्म्याचीबी लागते, म्हनून चष्मा फेकता का? मीठ कमी करा, पापड-लोनचं कमी करा, खर्रा थुंका, पायी चाला. डाक्टरनं देल्ली ते गोळी डाक्टरले इचारल्याबिगर सोडू नका. दाब डोळ्याले दिसत नाई, दुखतबी नाई, म्हनून मोजत राहा. आन् मोजताना हात छातीशी ठेवा, कोनाच्या पायावर नाई.”

प्रतीक्षा मॅडमनी दिलेली गोळी त्यांनी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. सगळं पटांगण त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलं. शेषराव सगळ्यांत जास्त.

काहीच झालं नाही.

“काय पाहून राहिले?” पार्बताबाई म्हणाल्या. “उद्या सकाळी अजून एक घ्याची हाय.”